सूर्यमालेचं किट घेताय? आधी पृथ्वीची तार बघा

कोल्हापुरात महाद्वार रोडवर किंवा राजारामपुरीत शाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात ‘सोलर सिस्टीम मॉडेल’ मागितलं की साधारण एकाच घडणीचं खोकं पुढ्यात येतं. आत थर्माकोलचे दहा गोळे, नऊ तारा, रंगाच्या सहा डब्या, एक ब्रश, शनीची पुठ्ठ्याची कडी आणि पेन्सिल सेलवर चालणारा मोटरचा ठोकळा. किंमत सहाशेच्या आसपास. सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी हे किट घ्यावं असंच आमचं मत आहे, पण खोक्यात आहे तसं जोडून कपाटावर ठेवलं तर त्यातून तीन-चार गोष्टी चुकीच्या शिकल्या जातात, आणि त्या पुढे दहावीपर्यंत डोक्यातून जात नाहीत.

आधी रंगाचं. किटमधला रंग पातळ असतो, थर्माकोलवर ओघळतो आणि दाणे पांढरेच राहतात. चमचाभर पोस्टर कलरमध्ये अर्धा चमचा फेव्हिकॉल मिसळा, पहिला हात पूर्ण वाळू द्या, मग दुसरा द्या. ऑइल पेंट किंवा स्प्रे अजिबात नको, त्यातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळतो. झटपट चिकटणाऱ्या गोंदाचंही तेच. गोळ्याला खड्डा पडतो आणि तो बुजवता येत नाही. गोळे रंगवताना तारेवर खोचून तार बटाट्यात उभी करावी, म्हणजे सगळीकडून हात फिरतो.

शनीची कडी गोळ्याला घट्ट बसेल अशी कापलेली असते. ही चूक आहे. खरी कडी ग्रहाला टेकत नाही, मध्ये मोकळी जागा असते. गोळा ४ सेंटिमीटरचा असेल तर कडीचं आतलं भोक ५ सेंटिमीटर आणि बाहेरचा व्यास ९ सेंटिमीटर ठेवून जाड पुठ्ठ्याची नवी कापा, चार टाचण्यांवर तोलून धरा आणि साधारण २७ अंश कलती ठेवा.

दहावा गोळा प्लुटोचा. २००६ पासून प्लुटो बटुग्रह गणला जातो, पण बऱ्याच खोक्यांवर अजून ‘नऊ ग्रह’च छापलेलं आहे. घरात आजी-आजोबा ‘नवग्रह’ म्हणतात तेव्हा मुलांचा गोंधळ आणखी वाढतो, कारण त्या नवांत सूर्य, चंद्र, राहू, केतूही येतात आणि पृथ्वी नसते. हे दोन हिशेब वेगळे आहेत, एवढं सुरुवातीलाच सांगून टाकावं. प्लुटोचा गोळा चंद्र म्हणून वापरू नका, फार मोठा आहे. पृथ्वी ३ सेंटिमीटरची असेल तर चंद्र हरभऱ्याच्या दाण्याएवढा, आठ मिलिमीटरचा, आणि तो पृथ्वीपासून ९० सेंटिमीटरवर. आधी मुलांनाच दाणा ठेवायला सांगा. बहुतेक मुलं तो वीतभर अंतरावर ठेवतात.

आता मुख्य मुद्दा, पृथ्वीची तार. किटमध्ये ती गोळ्यात सरळ खालून वर जाते, म्हणजे अक्ष उभा. अशा पृथ्वीवर ऋतूच होणार नाहीत. काही खोक्यांत अक्ष कलता दिलाय, पण गोळा तारेला पक्का चिकटवलेला. तार सूर्याभोवती फिरली की कलही सोबत फिरतो आणि उत्तर ध्रुव कायम सूर्याकडेच झुकलेला राहतो. हे जास्त वाईट, कारण त्यात उत्तर ध्रुव सूर्याकडे झुकलेला असतो तेव्हा आपल्याकडे उन्हाळा आणि सूर्यापासून लांब झुकलेला असतो तेव्हा हिवाळा, ही गोष्ट दाखवताच येत नाही.

दुरुस्ती दहा मिनिटांची आहे. संपलेल्या बॉलपेनची रिफिल धुऊन घ्या, गोळ्याच्या उंचीएवढा तुकडा कापा, तो गोळ्यात उभा घुसवा आणि तार त्यातून घाला. गोळा घसरू नये म्हणून खाली तारेला चिकटपट्टीचे चार-पाच वेढे द्या. आता तार जिथे वर निघते तिथून गोळ्याच्या पृष्ठावर ६ मिलिमीटर मोजून खूण करा (३ सेंटिमीटरच्या गोळ्यावर साडेतेवीस अंश म्हणजे इतकंच) आणि तिथे टाचणी गोळ्याच्या केंद्राच्या दिशेने खोचा. हा उत्तर ध्रुव. टाचणीपासून विषुववृत्त आखा आणि त्याच्या चार मिलिमीटर वर लाल टिंब द्या, ते कोल्हापूर. मधला सूर्य काढून तिथे झीरोचा बल्ब लावा, पृथ्वी फिरवा, पण प्रत्येक वेळी गोळा हाताने वळवून टाचणीचा कल खोलीच्या एकाच भिंतीकडे ठेवा. (या गोळ्यावर दिवस-रात्र दाखवू नका, त्याला अक्षावर फिरणारा वेगळा गोळा लागतो.)

कोल्हापूरच्या मुलांना हे पटवायला किरणोत्सवासारखं उदाहरण नाही. अंबाबाईच्या मंदिरात मावळतीची किरणं ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला गाभाऱ्यात पोचतात. दोनदाच का? टाचणी बल्बापासून सर्वांत लांब झुकते ती जागा म्हणजे २१-२२ डिसेंबर. तिथून पृथ्वी दोन्ही बाजूंना सारखीच, सुमारे ४१ दिवसांइतकी सरकवा. दोन्ही ठिकाणी बल्बाच्या तुलनेत टाचणीचा कल सारखाच येतो. म्हणून त्या दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावर एकाच जागी मावळतो.

मोटर मात्र काढूनच ठेवा. एकाच दांड्यावर सगळ्या तारा बसवलेल्या असल्याने सगळे ग्रह एका वेळात फेरी पुरी करतात. प्रत्यक्षात बुधाला ८८ दिवस लागतात, नेपच्यूनला सुमारे १६५ वर्षं. तारा सुट्या करून हाताने सरकवणं बरं: पृथ्वीची एक फेरी झाली की बुधाच्या चार, गुरू बाराव्या भागाएवढा पुढे, शनी त्याच्याही निम्म्याहून कमी. पंचांग बघणाऱ्या घरात हे पटकन कळतं. गुरू एका राशीत साधारण वर्षभर, शनी अडीच वर्षं. तीन राशींची मिळून साडेसाती होते, ती शनीच्या या संथ गतीमुळे.

अंतरं कुठलंच किट दाखवू शकत नाही. त्यासाठी रंकाळा तलावाच्या काठावर जा. १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर धरा. सूर्य १४ सेंटिमीटर व्यासाची पिवळ्या कार्डाची चकती, पृथ्वी आणि शुक्र राजगिऱ्याचे दाणे, मंगळ खसखशीचा बारीक दाणा, बुध रव्याचा कण, गुरू बारीक गोटी, शनी भिजवलेला काबुली चणा, युरेनस आणि नेपच्यून काळी मिरी. दाणे कार्डावर चिकटवून न्या, नाहीतर वाऱ्याने जातात. मुलाचं पाऊल अर्ध्या मीटरचं धरलं तर चकतीपासून बुध १२ पावलं, शुक्र २२, पृथ्वी ३०, मंगळ ४६, गुरू १५६, शनी २८६, युरेनस ५७४ आणि नेपच्यून ९००. वाटेला वळण असलं तरी चालेल, पण निदान गुरूपर्यंत सरळ दिसेल असा टप्पा निवडा आणि चकती कुणाला तरी हातात धरायला सांगा. पौर्णिमेच्या संध्याकाळी गेलात तर तिसाव्या पावलावर थांबून चकती आणि उगवलेला चंद्र आळीपाळीने बघा, आकार सारखाच दिसतो. आकाशात सूर्यही तेवढाच दिसतो, पण त्याच्याकडे थेट बघू देऊ नका. नऊशेव्या पावलावर मिरीचं कार्ड हातात धरून मागे वळलं की तीच चकती जेमतेम ठिपक्याएवढी उरते. नेपच्यूनवरून सूर्य एवढाच दिसतो.