भुसावळातल्या जुन्या वाचनालयाचा कात्रण विभाग: प्रकल्पवाल्या पोरांनी जरूर जावं

मुलीला कॉलेजात राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी मुक्ताईनगर मतदारसंघ मिळाला, म्हणून आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयाचा संदर्भ विभाग गाठला. मनापासून सांगते, पाच पैकी चार तारे.

प्रतिभाताई पाटलांची फाइल सगळ्यात जाड. १९६२ साली जळगावातून पहिल्यांदा आमदार झाल्या तेव्हा वय अवघं २७. मग १९६७ पासून सलग चार वेळा एदलाबाद, म्हणजे आजचं मुक्ताईनगर. १९७९ मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्या. त्या राष्ट्रपती झाल्या हे पोरांना पाठ असतं, पण आधीची आमदारकीची ही एवढी वर्षं कुणी सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पुढे याच मतदारसंघातून एकनाथराव खडसे १९९० पासून सलग सहा वेळा निवडून आले आणि २००९ मध्ये तेही विरोधी पक्षनेते झाले. एकाच मतदारसंघाने दोन विरोधी पक्षनेते दिले, हे मुलीला तिथेच कळलं.

कात्रणं खाकी कागदावर खळीने चिकटवलेली, कडेला निळ्या शाईत तारीख. ग्रंथपाल मॅडम हातातलं काम सोडून गठ्ठा काढून देतात. एक तारा कापला तो नंतरच्या गठ्ठ्यांसाठी: बऱ्याच कात्रणांवर तारीखच नाही. झेरॉक्सही फिकट येते, पण मोबाइलवर फोटो काढू देतात. दुपारी बंद असतं, सकाळीच जा आणि ओळखपत्र सोबत ठेवा.