क्लाउडवरून स्वतंत्र सर्व्हरवर: मुंबईतील एका व्यवस्थापित को-लोकेशन सेवेचे परीक्षण

संगणकाने आपोआप शेअर बाजारात ऑर्डर पाठवणारी आमची अल्गो ट्रेडिंग प्रणाली पूर्वी मुंबईतल्याच क्लाउडवर चालत असे आणि ऑर्डर पाठवायला लागणारा सरासरी वेळ पाहिला, तर तक्रारीला जागा नव्हती. खरी अडचण मागे पडणाऱ्या थोड्या ऑर्डरींची होती. सकाळी 9:15 ला बाजार उघडताना किंवा एक्स्पायरीच्या (वायदे-करारांची मुदत संपण्याच्या दिवसाच्या) दुपारी, भाव झपाट्याने बदलत असतानाच, हजारातली एखादी ऑर्डर इतरांपेक्षा कित्येक पट उशिरा निघे. त्याच यंत्रावर दुसऱ्या कोणाचे काम चालू आहे आणि आमच्या वाट्याचा प्रोसेसर कोण वापरतो आहे, हे शोधण्याची सोय क्लाउडच्या आभासी मशीनवर, म्हणजे एकाच यंत्राच्या अनेकांना वाटून दिलेल्या हिश्श्यावर, जवळजवळ नसतेच.

म्हणून आम्ही वांद्रे-कुर्ला संकुलात, नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या को-लोकेशन केंद्रात, म्हणजे एक्स्चेंजच्या यंत्रणेशेजारीच ब्रोकरांचे सर्व्हर ठेवण्याच्या जागेत, एका विक्रेत्याकडून स्वतंत्र सर्व्हर भाड्याने घेतला. लहान आणि मध्यम ब्रोकरांनाही को-लोकेशन परवडावे, यासाठी बाजार नियामक सेबीने एप्रिल 2018 च्या परिपत्रकात एक्स्चेंजांना विक्रेत्यांमार्फत चालणाऱ्या अशा व्यवस्थापित सेवा सुरू करायला सांगितले आणि टिक-बाय-टिक (प्रत्येक ऑर्डर व सौद्याची नोंद देणारा) भावप्रवाह सर्व सदस्यांना विनामूल्य देण्याचे बंधन घातले. आमच्यासारख्यांना ही दारे त्यामुळेच उघडली.

अंतराचा फायदा उघड आहे. फायबरमधून प्रकाशाला दर किलोमीटरला सुमारे 5 मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे शहरातल्या शहरातले अंतरही मोजावे लागते. मला मात्र त्याहून मोलाचे वाटले ते वेळेतले सातत्य. हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर एकाच वेळी दोन कामे चालवणे) बंद करून, प्रोसेसरचे काही कोअर (त्यातले स्वतंत्र गणनाभाग) फक्त आमच्या प्रक्रियेसाठी राखून आणि कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, वळसा घालणारे नेटवर्क कार्ड वापरून पाहिल्यावर सर्वांत मंद ऑर्डरीही सरासरीच्या जवळ आल्या. सुरुवातीला हे साधत नव्हते. विक्रेत्याच्या अभियंत्याने तपासले तेव्हा कार्ड दुसऱ्या प्रोसेसरच्या स्लॉटमध्ये बसवलेले आढळले, म्हणजे प्रत्येक पॅकेट दोन प्रोसेसरांमधला दुवा ओलांडून आमच्या प्रक्रियेपर्यंत पोहोचत होते. त्यांनी बाजार बंद झाल्यावर त्याच संध्याकाळी कार्डाची जागा बदलली. ही तत्परता मी मनापासून नावाजतो.

सेवेत एक गंभीर उणीवही आहे. विक्रेत्याने आगाऊ न कळवता मदरबोर्डचे फर्मवेअर (त्यातच बसवलेले मूळ सॉफ्टवेअर) बदलले आणि वीजबचतीची सेटिंग पुन्हा चालू झाली. परिणामी बाजार काही क्षण शांत राहिला की प्रोसेसर झोपी जाई आणि त्यानंतरची पहिलीच ऑर्डर रेंगाळे. बाजार उघडण्यापूर्वीच्या आमच्या नेहमीच्या चाचणीत हे पकडले गेले म्हणून नुकसान टळले, परंतु ज्या सेवेसाठी आपण केवळ मायक्रोसेकंदांचे पैसे मोजतो, तिथे असा बदल लेखी संमतीवाचून होता कामा नये.

खर्चाचे गणित प्रत्येकाने स्वतः मांडावे, कारण हे भाडे सौदे झाले नाहीत तरी द्यावेच लागते. जुन्या भावांवर रणनीती तपासण्याचे काम आम्ही क्लाउडवरच ठेवले आहे. त्या कामाला काही तास पुष्कळ मशीन लागतात आणि नंतर एकही लागत नाही, तेव्हा ते इकडे आणण्यात अर्थ नव्हता. ज्यांची रणनीती मिनिटांच्या हिशेबात चालते, त्यांनी या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना जायचेच आहे, त्यांनी करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: तसाच दुसरा सर्व्हर त्याच केंद्रात तयार असेल का, बिघडलेला सुटा भाग किती तासांत बदलला जाईल आणि बाजाराच्या वेळेत यंत्राला हात लावण्याचा अधिकार कोणाला असेल.