‘कोर्ट’ : साक्षीदार काय बोलला, कागदावर काय उतरलं

व्हेनिसचा पुरस्कार, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक, सगळं ठीक. सोलापूरच्या कोर्टात रोज बोर्ड (त्या दिवसाच्या खटल्यांची यादी) बघणाऱ्याला चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (2014) हा चित्रपट पटतो तो न्यायाधीशांच्या डिक्टेशनमुळे. साक्षीदार चार वाक्यं बोलतो, साहेब त्याचं एक करून सांगतात, टाइप होतं तेवढंच. सत्र न्यायालयात साक्ष बहुतेक वेळा अशीच कथनरूपात नोंदवतात, आणि अपिलात वाचली जाते तीही हीच. साक्षीदाराचं अडखळणं, गप्प बसणं त्यात सहसा येत नाही. आपल्याकडे पूर्व भागातली विडी कामगार तेलुगूत किंवा अक्कलकोटकडचा शेतकरी कन्नडात बोलला, की दुभाष्याची आणखी एक चाळणी लागते. म्हणून साक्ष वाचून दाखवताना कान देऊन ऐकावं, खटकलं तर सही करण्याआधीच सांगावं. तरीही न्यायाधीश दुरुस्ती न करता नुसती हरकत नोंदवून घेऊ शकतात.

खटला मुंबईतला. गटार साफ करणारा कामगार मॅनहोलमध्ये मरतो आणि शाहीर नारायण कांबळेंवर (वीरा साथीदार) आरोप येतो, की त्यांच्या गाण्यामुळे त्यानं आत्महत्या केली. आत्महत्येस प्रवृत्त करण्याचं, भारतीय दंड संहितेतलं कलम 306, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. आता तेच भारतीय न्याय संहितेत 108. त्यात चिथावणी आणि मृत्यू यांचा थेट संबंध दाखवावा लागतो. इथे सरकार पक्षाकडे आहे तो दुसऱ्या खटल्यांतही उभा राहिलेला ठेवणीतला साक्षीदार. असा माणूस उलटतपासणीत उघडा पडतो, पण तोवर आरोपीचे महिने आत गेलेले असतात.

सगळ्यात भारी प्रसंग कामगाराच्या बायकोच्या साक्षीचा. वास सोसवत नाही म्हणून तो प्यायचा, एक डोळा गेला होता, अंगावर साधनं नव्हती, आणि झुरळ बाहेर आलं तर खाली हवा आहे असं समजून उतरायचा. हे ती सपाट आवाजात सांगते. साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला 2013च्या कायद्यानं बंदी आहे. मग उतरवणारा आरोपीच्या पिंजऱ्यात का नाही, हे त्या कोर्टात कुणी विचारत नाही. चित्रपटही तो मुद्दा ओरडून सांगत नाही, हे बरंच.

पुढे यूएपीए (बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायदा) येतो आणि जामिनाचं गणितच बदलतं, कारण त्याच्या कलम 43डी(5) प्रमाणे आरोप सकृतदर्शनी खरे वाटले तरी जामीन अडतो. सत्र न्यायालयानं जामीन नाकारला की उच्च न्यायालयात जायचं. सोलापूरकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे.

सरकारी वकील बाईंचं (गीतांजली कुलकर्णी) घर, लोकल, स्वयंपाक हे हवंच होतं. नाटकाचा प्रसंग मात्र जरा ठसवून सांगितल्यासारखा वाटतो. लांबी 116 मिनिटं. मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती सगळं येतं, तेव्हा सबटायटल लावा. कॅमेरा लांबून, एका जागी ठेवलेला आहे. मोबाइलवर पाहिलंत तर मागच्या बाकांवर तारखेची वाट बघत बसलेले पक्षकार दिसायचेच नाहीत.