काढता-घालता येणारी नकली हिरडी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगतो. सिलिकॉनची पट्टी तोंडाला मऊ लागते, पण नागपुरी खाण्यापुढे तिचा टिकाव लागत नाही. रोज वापरायची असेल तर कडक अ‍ॅक्रिलिकच बरी. पहिले तीन महिने सिलिकॉन, पुढचे सहा अ‍ॅक्रिलिक, असा हा हिशेब.

पायरियात वरच्या हिरड्या सरकल्या की दात लांब दिसतात आणि मधे काळ्या त्रिकोणी फटी पडतात. त्यावर समोरून बसवायची ही दीडेक मिलिमीटरची गुलाबी पट्टी, बहुतेक वेळा सुळ्यापासून सुळ्यापर्यंत. दात घासून बारीक करावे लागत नाहीत, काही चिकटवावंही लागत नाही. पट्टीची टोकं फटींत शिरतात, मागे लाळेचा पातळ थर राहतो, वरून ओठ दाबून धरतो. मे महिन्यात ४५ अंशांत तोंड कोरडं पडलं की पट्टी सैल वाटते ती याच कारणाने. दोन घोट पाणी प्यायलं की पुन्हा बसते. लगेच चिकटवायची क्रीम आणायला धावू नका.

सगळा खेळ मापाचा आहे. आधी टाळूच्या बाजूने पुट्टी (माप घ्यायचा कणकेसारखा मसाला) दाबून फटी मागून अर्ध्यापर्यंत बंद करतात, तिला व्हॅसलीन लावतात, मग मापाचं पातळ मटेरियल समोरून भरून पुढच्या बाजूलाच ओढून काढतात. मागून फटी बंद केल्या नाहीत तर मटेरियल आरपार जाऊन अडकतं, फाटतं, आणि हलणाऱ्या दाताला तो हिसका महागात पडतो. नेहमीच्या कवळीसारखं पूर्ण तोंडाचं माप घेणार असतील तर तिथेच थांबवून विचारा. हे काम प्रॉस्थोवाल्यांचं, म्हणजे कृत्रिम दात-कवळ्या बसवणाऱ्या तज्ज्ञांचं. नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात तो विभाग आहे. हिरडीचं ऑपरेशन झालं असेल तर ती स्थिर होईपर्यंत काही महिने माप देऊ नका. आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) सुरूच असेल तर या भानगडीत पडूच नका: सुपारीचा चुरा पट्टीखाली जातो आणि हिरडी सोलून काढतो.

रंग दिवसाउजेडी, खिडकीजवळ उभं राहून ठरवा. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या हिरड्यांवर तपकिरी-जांभळट झाक असते. लॅबने तयार गुलाबी रंग तसाच वापरला तर बाहुलीचं तोंड दिसतं. चांगला टेक्निशियन त्यात तपकिरी मिसळतो आणि लाल बारीक धागे टाकतो. वरची कड मोठ्याने हसूनच तपासा. आरशापुढच्या बेताच्या हसण्यात ती कधीच दिसत नाही.

पहिल्या आठवड्यात हमखास दुखते ती वरच्या ओठाच्या आतली मधली दोरी. तिच्यासाठी पट्टीत व्ही आकाराची खाच हवी, नाहीतर दोन दिवसांत छाला येतो. घरी कानस चालवू नका, डॉक्टर पाच मिनिटांत घासून देतात. नवीन अ‍ॅक्रिलिकने जळजळ झाली तर ते उरलेलं मोनोमर, म्हणजे पट्टी घट्ट होताना आत राहिलेलं कच्चं रसायन असू शकतं. एक-दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवल्यावर बराच फरक पडतो.

घालताना पट्टी ओली करा, मधली टोकं आधी फटींत बसवा, मग दोन्ही बाजू दाबत जा. काढताना मागच्या एका कोपऱ्यातून नखाने उचला. मधून ओढली की टोक तुटतं. बेसिनमध्ये आधी पाणी भरून घ्या. साबणाच्या हातातून निसटून चिनीमातीवर पडली की अ‍ॅक्रिलिकचे दोन तुकडे.

तर्री पोहे असोत की सावजी, खाताना काढून ठेवायची. हे नेहमी पाळलं जात नाही, आणि सिलिकॉन तिथेच मार खातं: हळद आणि तेल आत मुरतं, तिसऱ्या महिन्यात फटींतली टोकं पिवळी पडली आणि वासही राहू लागला. अ‍ॅक्रिलिकला पॉलिश असतं, डाग वरच राहतो.

रोज मऊ ब्रश, साधा साबण, थंड पाणी. टूथपेस्टने ओरखडे पडतात, उकळत्या पाण्याने आकार जातो. रात्री काढून पाण्याच्या डबीत. डबी उन्हाळ्यात कूलरसमोर उघडी ठेवलीत तर सकाळी पट्टी कोरडी. पट्टीखाली उघडी मुळं झाकलेली असतात, तिथे अन्न साचलं की कीड लवकर लागते. म्हणून फटींतून इंटरडेंटल (दातांच्या फटींत घालायचा बारीक) ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट रोज हवीच.

एक फायदा मात्र अपेक्षेपेक्षा मोठा: ‘स’ आणि ‘श’ म्हणताना फटींतून सुटणारी हवा आणि थुंकी थांबते.

पट्टीची कड आणि हिरडी यांच्यामध्ये पुन्हा काळी रेघ दिसू लागली तर हिरडी आणखी सरकली आहे असं समजा. आधी पेरिओ (हिरड्यांच्या) विभागात तपासून घ्या, आणि नवी पट्टी जुन्या साच्यावर करून घेऊ नका. माप नव्यानेच द्या.