अमेरिकेतली मोटेलं, डायनर आणि जुन्या रेकॉर्डी: काही महिन्यांच्या वापरानंतर

मोटेलचा दर्जा गादीवरून ठरवणारे लोक वेगळे. मी हेअर ड्रायरवरून ठरवतो, डोक्यावर केस फारसे उरलेले नसतानाही. टेनेसीतल्या एका मोटेलात भिंतीला ठोकलेल्या ड्रायरने ऐन रात्री मान टाकली, म्हणून खाली काउंटरवर गेलो. मालक गुजराती, हे सांगायला नकोच. माझ्या टकलाकडे बघून म्हणाला, "काका, आपको ड्रायर किसलिए?" हातातलं रेकॉर्डचं कव्हर दाखवलं, सगळं समजावलं. ड्रायर दुसरा नाही, इस्त्री आहे, ती चालेल का, म्हणाला. त्या जागेला एक तारा, तोही इस्त्रीचा.

आता कारण. मी फिरलो ते जुन्या रेकॉर्डी धुंडाळत, आणि ड्रायर लागतो तो कव्हरवरचे स्टिकर काढायला. तिकडचे बरेच रेकॉर्डवाले दुकानदार किमतीचा स्टिकर थेट कव्हरवर चिकटवतात. वर मूळचं पातळ प्लास्टिक असेल तर प्रश्न नाही. पण पन्नास-साठच्या दशकातली अमेरिकन कव्हरं म्हणजे जाड पुठ्ठ्यावर डकवलेला छापील कागद. आपल्याकडच्या जुन्या एचएमव्हीच्या लॅमिनेटेड कव्हरांचा गुळगुळीतपणा त्यांना नाही. स्टिकर ओढला की गायकाचा अर्धा गाल सोबत निघून येतो. माझी पद्धत अशी: रेकॉर्ड आधी बाहेर काढून बाजूला ठेवायची, कारण विनाइल 60 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मग ड्रायर वीतभर लांब धरून गरम हवा द्यायची, नखाने कोपरा उचलायचा आणि कव्हराला अगदी लागून, आडवं ओढत न्यायचं. लायटरचं इंधन याहून सरस, पण ते बॅगेत घालून विमानात चढता येत नाही. आणि जे ड्रायर बटण दाबून धरल्याशिवाय चालतच नाहीत, ते बनवणाऱ्याला तिसरा हात असावा.

प्रवासाबद्दल सगळे लिहितात, मी थोडक्यात आटपतो. अ‍ॅमट्रॅक, म्हणजे तिकडची प्रवासी रेल्वे, उशिरा धावते हे जगजाहीर आहे. पण रेकॉर्डवाल्यासाठी विमानापेक्षा तीच बरी. प्रत्येकी 50 पौंडांच्या दोन बॅगा सोबत नेता येतात, आणि मला तरी कुणी वजनकाटा घेऊन आडवं आलं नाही. शिकागोहून रात्री 'सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स' या गाडीत बसलात की सकाळी मेम्फिस. तिथल्या स्टॅक्स या सोल संगीताच्या रेकॉर्ड कंपनीची मूळ इमारत 1989 मध्ये पाडली, त्याच जागी 2003 पासून संग्रहालय आहे. एल्विस प्रेस्लीचं पहिलं रेकॉर्डिंग झालं तो सन स्टुडिओ मात्र जुन्याच जागी उभा आहे.

जेवणाचं म्हणाल तर सकाळचं डायनर, म्हणजे तिकडचं साधं खाणावळवजा हॉटेल, पैसे वसूल. एका कपाचे पैसे द्या आणि हवी तितकी कॉफी प्या. कॉफी पांचट असते, पण फुकटच्या तिसऱ्या कपाला मी नावं ठेवत नाही. भाचा गाडी घेऊन सोबत होता तेव्हा दक्षिणेत वॉफल हाउस या साखळी हॉटेलांची सवय लागली. अंडी, हॅशब्राउन (किसून परतलेला बटाटा), आणि कोपऱ्यात नाणं टाकून गाणं लावायचा ज्यूकबॉक्स, ज्यात खुद्द वॉफल हाउसवर रचलेली गाणी! शिवाय तिथे ऑर्डर लक्षात ठेवायला रिकाम्या ताटलीत जेलीची पाकिटं, लोण्याच्या डब्या ठरावीक जागी मांडतात. कोणती वस्तू कुठे आणि उलटी की सुलटी, यावरून स्वयंपाक्याला काय करायचं ते कळतं. रेकॉर्डच्या शेवटच्या कोऱ्या पट्टीवरचे कोरीव नंबर वाचणाऱ्या माणसाला याहून मोठी करमणूक नाही. भाच्याची अंडी गार झाली, आम्ही ताटल्याच बघत बसलो.

शुद्ध शाकाहारी मंडळींनी जपून. हॅशब्राउन बेकनच्याच तव्यावर परततात, पालेभाजीत डुकराचं हाड असतं आणि बीन्समध्ये काय असेल ते विचारल्याशिवाय कळत नाही. दक्षिणेत 'मीट अँड थ्री' नावाचा थाळीसारखा प्रकार आहे: एक मांस, तीन भाज्या. त्या भाज्यांच्या यादीत मॅकरोनी-चीजही धरतात. मी मांस वगळून चार भाज्या मागितल्या, त्यातल्या दोन चीजच्या निघाल्या. तक्रार नाही.

तक्रार आहे ती हिशेबाची. मेन्यूवरचा आकडा खरा नसतो. वर कर, त्यावर टिप. रेकॉर्डींचंही तेच. टेनेसीत राज्याचाच 7 टक्के, वर स्थानिक वेगळा. ओरेगनमध्ये विक्रीकर शून्य. महागडी खरेदी पोर्टलंडसाठी राखून ठेवा, एवढं एक ऐका.

दुकानांमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतलं हेट स्ट्रीटवरचं अमीबा बघाच. जुन्या बोलिंग अ‍ॅलीत थाटलंय, एका टोकाला जॅझ चाळायला लागलं की दुसरं टोक दिवसभरात येत नाही. माझा जीव मात्र न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन रेकॉर्ड एक्स्चेंजवर. 1980 पासूनचं दुकान, स्वस्त माल जमिनीलगतच्या खोक्यांत. गुडघे कुरकुरतात, खिसा नाही. अली अकबर खाँसाहेबांची 1955 ची एंजल कंपनीची रेकॉर्ड, चतुरलाल तबल्यावर आणि सुरुवातीला व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन बोलतात ती, मला एका छोट्या गावात 'वर्ल्ड', म्हणजे परदेशी संगीताच्या खोक्यात पोल्का या युरोपी नाचगाण्यांच्या शेजारी मिळाली. परदेशात चिंच-गुळाची आमटी मिळाल्याइतका आनंद झाला.

हे लिहिताना स्टिकरबद्दलचं मत पूर्वीइतकं कडक राहिलेलं नाही. नॅशव्हिलचं, कंट्री गायक अर्नेस्ट टब यांचं 1947 चं रेकॉर्डींचं दुकान 2022 मध्ये बंद झालं. टॉवर रेकॉर्ड्सची अमेरिकेतली दुकानं तर 2006 मध्येच गेली. अशा दुकानांचा स्टिकर आता मी काढत नाही, उलट वर जाड प्लास्टिकचं आवरण घालतो. पण गेल्या आठवड्यात लावलेला, बारकोडवाला, बरोबर चेहऱ्यावर ठोकलेला स्टिकर? त्याला क्षमा नाही.

पाठवणीचं: देशातल्या देशात पोस्टाचं मीडिया मेल वापरा. रेकॉर्डी चालतात, अंतर कितीही असो, दर वजनावर, वेळ मात्र लागतो. मी वाटेतून खोकी भाचीकडे न्यू जर्सीला पाठवत गेलो. परतीच्या विमानात 23 किलोच्या दोन बॅगा, आणि कव्हरासकट एक एलपी पाव किलोच्या आसपास. हिशेब करा. लाखेच्या 78, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डी, वजनदार आणि ठिसूळ, त्या भाचीच्या तळघरातच राहिल्या. "मामा, वॉशिंग मशीनपर्यंत जायला वाट तरी ठेवा," असा तिचा निरोप कालच आला आहे.