गाव खंयचा, वैनी?

तारकर्लीला आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत आम्ही दुसऱ्यांच्या सुट्ट्या सांभाळतो. मे संपत आला की पाण्यातले खेळ आणि प्रवासी बोटी बंद होतात, ह्यांची डॉल्फिन दाखवायची बोट वर ओढून झापांखाली जाते, शेवटचा पाहुणा आंब्याची पेटी गाडीत टाकून निघतो. पोरांची शाळा जूनच्या मध्यावर. मधले दहा-बारा दिवस काय ते आमचे. त्या दहा-बारा दिवसांच्या नादात आमचे २४,००० रुपये गेले. एकदा नाही, दोनदा मिळून. आणि दुसऱ्यांदा तर फसलोय हे कळल्यावर फसले, म्हणून हे लिहितेय.

आमच्या लहानपणी गोराईच्या एस्सेल वर्ल्डची टीव्हीवर जाहिरात लागायची. शाळेची सहलही एकदा ठरली होती. वर्गणी जास्त म्हणून बाबांनी पाठवलं नाही. एस्सेल वर्ल्ड आता बंद झालं, पण तो काटा माझ्या मनात राहिलाच असावा. खोपोलीजवळचं इमॅजिका हे खेळांचं पार्क २०१३ साली सुरू झालं तेव्हा थोरली पाळण्यात होती. आता ती नववीत, धाकटा दहा वर्षांचा. मुंबईकर पाहुण्यांची पोरं आमच्या पडवीत बसून तिथल्या निट्रो नावाच्या रोलर कोस्टरच्या गोष्टी सांगतात आणि आमची दोघं तोंडाचा आ करून ऐकतात. यंदा ठरवलंच, जायचं. तुतारी एक्सप्रेसची कुडाळ ते पनवेल तिकिटं मी एप्रिलमध्येच काढून ठेवली. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, उशीर केला की कोकणातल्या माणसाला मे-जूनमध्ये उभ्यानेच जावं लागतं. राहिलं होतं ते पनवेलपासून पुढचं.

एका दुपारी फेसबुकवर जाहिरात दिसली. पार्क, वॉटर पार्क, एक रात्र हॉटेल, नाश्ता, पनवेल स्टेशनवरून गाडी, चार माणसांचे १४,५०० रुपये. खाली बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ होतं. मला वाटलं, प्रायोजित म्हणजे कंपनीने स्वतः दिलेली, म्हणजे जास्तच खात्रीची. पैसे भरले की कोणालाही प्रायोजित होता येतं, हे मला कळायला हवं होतं. होमस्टेची जाहिरात मीही दोनदा तशीच केली आहे, ५०० रुपयांत. दाबल्यावर जी साईट उघडली ती अगदी पार्कच्या साईटसारखी. तोच रंग, तेच फोटो. पत्त्यात मात्र पार्कच्या नावापुढे आडवी रेघ आणि ‘बुकिंग’ असा जादा शब्द होता. तो मी पाहिला होता, बरं का. बुकिंगसाठी वेगळी साईट असेल, असं माझं मीच उत्तर देऊन टाकलं.

व्हॉट्सॲपवर विचारणा केली आणि दोन मिनिटांत फोन आला. भर सीझन, स्वयंपाकघरात दहा ताटांची तयारी, मी सुरमई कापत होते. फोन खांद्यावर धरला. आधी तो मराठीत बोलला, एकदम नीट, कॉल सेंटरसारखा. मी म्हटलं, कुडाळहून येणार आहोत. तर तो एकदम मालवणीवरच उतरला.

“गाव खंयचा, वैनी?”

म्हटलं, तारकर्ली.

“अरे देवा! माझां आजोळ आचऱ्याक. गेल्या गावपळणीक येवक गावला नाय, तेचीच चुटपुट लागान रवली हा.”

संपलं. इथे मी विकली गेले. आचऱ्याची गावपळण म्हणजे देवाचा कौल घेऊन सगळा गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो, ती. मला वाटलं, गावपळणीची चुटपुट ज्याला लागते तो परका कसा असेल? आता कळतं, गावपळण दर वेळी पेपरात छापून येते, यूट्यूबवर तिचे ढीगभर व्हिडिओ आहेत. मी ‘कुडाळ’ म्हटल्यावर त्याने मला ‘तारकर्ली’ म्हणायला लावलं आणि मग तारकर्लीशेजारचं नाव काढलं. मी ‘दापोली’ म्हटलं असतं तर त्याचं आजोळ बहुतेक मुरुडला निघालं असतं. तो खरंच इकडचा होता की भाषा उचलली होती, हे आजही सांगता येणार नाही.

५,००० ॲडव्हान्स मागितला. माझे हात माशाचे, म्हणून थोरलीने आकडा टाकला आणि पिन मी करंगळीने दाबला. पैसे जाण्याआधी स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा बाईचं. ना कंपनी, ना ट्रॅव्हल्स. थोरली म्हणाली, “आई, हे नाव कोणाचं?” मी त्याला विचारलं. तो हसला, “आमची अकाउंटंट ती.” आमच्या होमस्टेचे पैसेसुद्धा ह्यांच्या बचत खात्यावर येतात, त्यामुळे मला त्यात वावगं वाटलं नाही. छोट्या धंद्यात चालतंच असं. पण एवढ्या मोठ्या पार्कचा धंदा कुठल्या बाईच्या बचत खात्यावर चालेल?

रात्री पुन्हा फोन. आज १२ च्या आत उरलेले ९,५०० भरले तर पोरांचं जेवण मोफत, उद्यापासून भाव चढणार. बारा वाजायला वीस मिनिटं असताना मी ते भरले. दुसऱ्या दिवशी व्हाउचर आलं. बुकिंग नंबर, चौघांची नावं, खाली शिक्का, जीएसटी नंबर. मी ते छापून देवघरातल्या कपाटात ठेवलं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी आमच्या वाडीतल्या एकाच्या होमस्टेचे फोटो चोरून कोणीतरी खोटं पान काढलं होतं. कोल्हापूरचं एक कुटुंब रात्री नऊला बॅगा घेऊन दारात उभं राहिलं. पैसे भलत्याच खात्यात भरलेले आणि खोली कुठेच नाही. त्यांच्यातली म्हातारी पायरीवर बसून राहिली होती. तेव्हा मीच शेजारणीला म्हटलं होतं, “शिकलेली माणसं, एवढंसुद्धा कसं कळत नाही?”

भानगड बाहेर पडली ती धाकट्यामुळे. मोठ्या झोपाळ्यांना उंचीची अट असते, हे त्याला कोणा पाहुण्याच्या पोराने सांगितलेलं. तेव्हापासून तो रोज दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहायचा आणि पेन्सिलने रेघ मारायचा. जूनच्या दोन तारखेला त्याचा धीर संपला. थोरलीने पार्कच्या खऱ्या साईटवरचा नंबर शोधून फोन लावला. उंचीचं उत्तर मिळालं, धाकटा दोन बोटं कमी पडत होता. बोलता बोलता तिने आमचा बुकिंग नंबरही सांगितला. पलीकडून सांगितलं, असा नंबर आमच्याकडे नाही, आमचे नंबर असे नसतातच.

तिने व्हाउचर काढलं आणि जीएसटीची अक्षरं मोजली. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, आणि पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. ह्याच्यात अक्षरं भरली १४ आणि सुरुवात २९ ने. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकला तर अवैध म्हणून आला. हे सगळं करायला तिला पाच मिनिटं लागली. ती पाच मिनिटं मे महिन्यात कोणाकडे होती?

शहाण्या माणसाने त्या क्षणी १९३० लावला असता. सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे तो. मी तो लावला नाही. मी त्यालाच फोन केला.

आणि त्याने उचलला! मी ओरडले, तर तो माझ्यापेक्षा जास्त घाबरल्यासारखा. “वैनी, सिस्टिममधी घोळ झालो हा. काय काळजी करू नकात, मी आसंय. आत्ताच्या आत्ता रिफंड मारतंय.” दोन हप्त्यांत पैसे येतील, आधी मोठा हप्ता, ९,५०० चा. लगेच एक क्यूआर कोड आला, वर लिहिलेलं ‘रिफंड’. “ह्यो स्कॅन करा. पिन मारलात काय पैशे उलटे येतले.”

मी स्कॅन केला. स्क्रीनवर स्पष्ट दिसत होतं, पैसे द्या, ९,५००. मी म्हटलं, ‘द्या’ दिसतंय. तो म्हणाला, ते आमच्या बाजूने द्या, तुमच्या बाजूने घ्या. आज हे लिहिताना हसू येतंय, पण तेव्हा १४,५०० बुडाल्याची भीती डोक्यात इतकी होती की कोणीतरी ते काढून देतोय, एवढंच कानावर पडत होतं. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो. पैसे घ्यायला ना पिन लागतो, ना स्कॅन करावं लागतं. हे मला माहीत होतं. माझ्या स्वतःच्या काउंटरवर क्यूआर कोड चिकटवलेला आहे, दिवसाला दहा माणसं तो स्कॅन करून मला पैसे देतात! तरीही मी पिन टाकला. मेसेज आला, ९,५०० वजा. फोन कट. पुन्हा लावला तर बंद.

त्या रात्री मी कोणालाच बोलले नाही. हे लाटांकडे बघत पडवीत बसलेले आणि मी आत भांडी घासत होते, घासलेली पुन्हा घासत होते. माझी सगळ्यात मोठी चूक म्हणाल तर ही रात्र. सकाळी ह्यांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. सासूबाई बोलल्या. “आपल्या भाषेत बोलता म्हणान तो आपलो झालो काय गो?”

मग १९३० लावला. लाईन लागायला वेळ लागला. त्यांनी विचारलेलं सांगते, म्हणजे कोणावर वेळ आली तर हाताशी राहील. माझा खाते क्रमांक आणि बँक, प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि १२ आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, पैसे गेले तो यूपीआय आयडी, आणि त्याचा मोबाईल नंबर. यूटीआर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये किंवा ॲपमध्ये त्या व्यवहारावर दाबलं की सापडतो. एक पोच क्रमांक मिळाला आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन ह्या पोर्टलवर तक्रार पुरी भरायला सांगितलं. स्क्रीनशॉट, व्हाउचर, गप्पांची नक्कल सगळं तिथे चढवलं. नशीब, संतापाच्या भरात मी चॅट उडवलं नव्हतं.

नंबर लावला की पैसे परत, असं मुळीच नाही. तक्रार लागली की ज्या बँकेत पैसे पोचले तिला कळवलं जातं, आणि तोवर खात्यात जे उरलं असेल ते गोठवलं जातं. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाहीत. एकातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, आणि शेवटी एटीएममधून बाहेर. मे महिन्यातले १४,५०० कधीच गेलेले होते. दुसऱ्या ९,५०० पैकी २,७०० गोठवता आले. पोलीस ठाण्यातले हवालदार म्हणाले, “वहिनी, रात्रीच फोन केला असतात तर?” ते २,७०० परत मिळावेत म्हणून अर्ज दिलाय, हातात अजून काही आलेलं नाही.

बँकेतही जाऊन आले. कोणीतरी सांगितलं होतं, तीन दिवसांत कळवलं की बँक भरून देते. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली तसं परिपत्रक काढलं होतं खरं, पण मॅनेजरनी समजावलं की ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी, इथे पिन तुम्हीच टाकलात. काय बोलणार? ज्या नंबरवरून तो बोलायचा तो मात्र मी दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर, संशयित नंबर कळवायच्या ‘चक्षू’ भागात टाकला. तक्रार करायला पैसे जायलाच हवेत असं तिथे नाही, नुसता संशय आला तरी नंबर कळवता येतो.

एक सांगायचं राहिलं. जुलैत अजून एक फोन आला. “तुमची सायबरची केस आमच्याकडे आहे, फाईलचे १,८०० भरले की रक्कम सुटेल.” म्हणजे फसलेल्यांच्या याद्यासुद्धा विकल्या जात असाव्यात. ह्या वेळी मी त्याला विचारलं, “गाव खंयचा तुझा?” त्याने फोन ठेवला.

गाडीची तिकिटं रद्द केली. पोरांनी हट्ट केला नाही, ते जास्त लागलं. धाकटा म्हणाला, “बरंच झालं, नाहीतरी निट्रोत घेतलं नसतं.” चौकटीवरच्या रेघा अजून वाढतायत. पुढच्या जूनला जायचं ठरलंय. तिकिटं पार्कच्या साईटवरून थोरली काढणार आहे, पत्ता अक्षर न् अक्षर टाईप करून.

गेल्या आठवड्यात पुण्याहून एका बाईंचा फोन आला, दिवाळीसाठी दोन खोल्या हव्या होत्या. दर ठरला, ॲडव्हान्सची गोष्ट निघाली तशा त्या जरा अडखळल्या. म्हणाल्या, “रागावू नका हं, पण एकदा व्हिडिओ कॉलवर घर दाखवाल का?” पूर्वी असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरायचं. आम्ही काय चोर आहोत का, असं तोंडावर यायचं. म्हटलं, थांबा हं. छत्री घेतली आणि बाहेर पडले. पावसाने अंगण भरलेलं. त्यांना झापांखालची बोट दाखवली, पाटी दाखवली, नळ सोडून दाखवला, आणि मागच्या दाराने जाऊन समुद्रही दाखवला. नुसता करडा दिसत होता, लाटेचा आवाज मात्र येत होता. मग म्हटलं, पैसे पाठवताना ह्यांचं नाव येईल, आधी ते नीट वाचा, मग पिन टाका.