झेडबी इंजिनाचं मॉडेल: चाकं बरोबर, रूळ चुकले

आमचे नाना बडोद्याजवळच्या डभोईच्या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) लाइनवर फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे, होते. यंदा त्यांच्या वाढदिवसाला बडोद्यातल्याच एका छोट्या कारागिराकडून तिथल्या झेडबी या वाफेच्या इंजिनाचं पितळी मॉडेल करून घेतलं. माप १:२४, किंमत ६,५०० रुपये. वायदा महिन्याचा, हातात पडलं सातव्या आठवड्यात.

नानांनी चष्मा पुसून आधी चाकं मोजली. पुढे दोन, मधे सहा, मागे दोन. "बरोबर आहे." मग बोट चिमणीवरून बॉयलरवरच्या घुमटावर आणि तिथून थेट ड्रायव्हरच्या कॅबमध्ये. फायरबॉक्सचं, म्हणजे भट्टीचं, दार चक्क उघडतं! ते त्यांनी चारदा उघडमीट करून पाहिलं. कनेक्टिंग रॉड न अडखळता फिरतो, रंगकामही सुबक. टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात, खरा कोळसा घातलाय, पण एकेक तुकडा या मापात नारळाएवढा. "हा फोडता फोडता डभोई आली असती," इति नाना.

मग त्यांनी फूटपट्टी मागितली आणि गडबड झाली. दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, ४५ मिलिमीटर. गुणिले चोवीस, म्हणजे १,०८०. "अगं, ही तर मीटरगेजपेक्षा रुंद! आपली लाइन ७६२ची होती. यानंही गेज कन्व्हर्जन केलं की!" हिशेबानं ३२च्या आतच हवं होतं. अरुंद रुळांवर दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं अंग, हाच तर नॅरोगेजचा डौल. इथे इंजिन पाय फाकून उभं राहिल्यासारखं दिसतं.

कारागिराला फोन केला. म्हणाला, चाकं आणि रूळ याच मापात तयार मिळतात, दार्जिलिंगच्या बी-क्लास इंजिनालाही हेच लावतो. दार्जिलिंगची लाइन तर ६१०ची!

नानांना मात्र विषय मिळाला. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी १८६२ साली डभोई-मियागाम लाइन टाकली, गाडी ओढायला बैल. पुढच्याच वर्षी ग्लासगोच्या नीलसन कंपनीची इंजिनं आली, पण रूळ इतके हलके की त्यांचं वजन पेलेना. रूळ बदलून १८७३मध्ये इंजिनं नीट धावू लागली, तोवर बैलच. "रुळांपायी इंजिन अडणं बडोद्याला नवीन नाही," म्हणाले.

तीन स्टार. ऑर्डर देताना गेज मिलिमीटरमध्ये लिहून द्या, फोनवर सांगून भागत नाही. आणखी १,८०० रुपयांत खालचं सगळं बदलून देतो म्हणतोय. मी नानांना विचारलं.

"नको. त्या पैशांत एक बैलजोडी करून दे म्हणावं."